कंदीलवाल्याची उडी

माणसाला खोटं बोलायचंच असेल तर त्याने खुशाल बोलावं. पण निदान साक्षीदार जिवंत आहे की नाही, एवढं तरी आधी बघून घ्यावं. राजाने ते बघितलं नाही. त्याच्या खोट्याची साक्षीदार नुसती जिवंत नव्हती, तर त्याच शहरात, औषधाच्या दुकानामागच्या एका खोलीत बसून लोकांचे दात बनवत होती.

ही साक्षीदार म्हणजे राजाची थोरली बहीण. घरात तिला ताई म्हणायचे आणि पुढे कामाच्या ठिकाणीही तेच नाव चिकटलं, ते इतकं की आता नवराही कधीतरी चुकून ताई म्हणतो आणि मग जीभ चावतो. ताईचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचं माप पाठवतात, ताई त्यात प्लास्टर ओतते, वरचा आणि खालचा जबडा एका लोखंडी बिजागरीवर बसवते, आणि मेणाच्या पट्टीत एकेक दात असा लावते की तोंड मिटल्यावर कुणी कुणाच्या अंगावर येऊ नये. खोलीत वितळलेल्या मेणाचा वास असतो, पॉलिशच्या मोटरची घरघर असते, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे आ वासून ओळीने बसलेले असतात. दात ताईचे, हसू म्हाताऱ्यांचं आणि नाव डॉक्टरांचं. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. धंद्याची रीतच तशी आहे, आणि ती माहीत असूनच ती त्यात पडली होती.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की ताई नावासाठी हपापलेली बाई आहे असा कुणाचा समज होऊ नये. तिच्या भावाचा झाला, आणि त्याने तो बोलूनही दाखवला. ते पुढे येईलच.

झालं असं की एका दुपारी ताईची लेक कॉलेज सुटल्यावर तडक कामाच्या खोलीत आली आणि तिने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. मामाचा नवा व्हिडिओ आला होता. राजा एका कंपनीत जाहिराती लिहायचा. साबणाला फुलाचा वास आहे हे तो अशा शब्दांत सांगायचा की फुलानेही तो साबण लावून बघावा. अलीकडे त्याने स्वतःचा एक उद्योग काढला होता, लहानपणीच्या कॉम्प्युटर गेमच्या आठवणींचा. दर आठवड्याला एक गेम घ्यायचा, त्याची जुनी चित्रं दाखवायची आणि वर भिजलेल्या आवाजात बोलत राहायचं. कानशिलं पांढरी व्हायला लागलेली हजारो माणसं ते बघून डोळे पुसायची. खात खात लांब होणारा साप झाला, चेंडूने फोडायच्या विटा झाल्या, वळणावर हटकून झाडाला धडकणारी गाडी झाली. ताईनेही ते सगळं कौतुकाने बघितलं होतं, कामं बाजूला ठेवून बघितलं होतं.

त्या दिवशीचा गेम होता कंदीलवाला. गेमचं खरं नाव काहीतरी वेगळं, परक्या भाषेतलं होतं. कंदीलवाला हे नाव घरातलं. घरातलं म्हणजे ताईने ठेवलेलं.

"अंधारी खोली," राजाचा आवाज म्हणत होता. "एक एकटं पोर. घरात कुणाला वेळ नाही. आणि पडद्यावर एक माणूस, हातात कंदील घेऊन खाणीतून वर यायला धडपडणारा. तोही एकटाच."

लेकीचे डोळे पाणावले होते. तिने मोठ्या मायेने विचारलं, "आई, मामा बिचारा असा एकटा खेळायचा, तेव्हा तू काय करायचीस? तुला घरकामाला लावायचे का गं?"

ताईच्या हातात मेणाची तापलेली सुरी होती. ती घसरली आणि कुणा गृहस्थांचा सुळा वाकडा झाला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ताईची वाटेत कुठे थांबलीच नाही. तिने सुरी खाली ठेवली, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला, आणि आपलं नाव कुठे येतं का ते कान देऊन ऐकलं. नाव सोडाच, "बहीण" हा शब्दसुद्धा त्यात नव्हता.

आता खरं काय ते ऐका. तो कॉम्प्युटर वडिलांच्या ऑफिसने टाकून दिलेला. तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा जुन्यातलं एक वडिलांनी चादरीत गुंडाळून घरी आणलं. पिवळा पडलेला, मागे भलंमोठं पोट असलेला पडदा. त्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या आणि दंडावरची लव उभी राहायची. चौकोनी फ्लॉपी फटीत सरकवायची, खटका लावायचा आणि गेमचं नाव टाइप करायचं. एक अक्षर चुकलं की असं काही इथे नाही म्हणून तो उद्धटपणे सांगून टाकायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी शिकावं म्हणून तो आणला होता. मुलं गेम शिकली.

पहिल्याच आठवड्यात पाळीवरून मारामाऱ्या सुरू झाल्या. राजाने ताईच्या दंडाचा चावा घेतला, ताईने त्याला पलंगाखाली कोंडला. आई लोकांचे कपडे शिवायची. ती हातातलं काम टाकून उठली आणि तिने तिथल्या तिथे निकाल दिला. खेळायचं तर दोघांनी एकाच वेळी खेळायचं, नाहीतर वायर काढून कपाटात. अपील नाही. आता कंदीलवाला हा एकट्याने खेळायचा गेम. पडद्यावर माणूस एकच, पण हे आईला समजावायला जाणार कोण? तेव्हा त्या दोघांनी तो एक माणूस आपसात वाटून घेतला.

बाणांची चार बटणं राजाला मिळाली, कारण राजा धाकटा होता आणि बाण नाही मिळाले तर भोकाड पसरायचा. ताईकडे आली डाव्या अंगाची दोन बटणं. लांब पट्टी दाबली की कंदीलवाला उडी मारायचा. कोपऱ्यातलं बटण दाबलं की कंदिलाची वात खाली जायची आणि वटवाघळं त्याला न बघता निघून जायची. वात फार वेळ खाली ठेवली तर पुढचा खड्डा दिसायचा नाही, वर ठेवली तर तेल संपायचं, आणि तेल संपलं की खेळ खलास. म्हणजे राजाने चालवायचं, आणि उडी कधी मारायची, उजेड किती ठेवायचा हे ताईने बघायचं. राजा खुर्चीवर बसायचा, ताई शेजारी उपड्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यावर.

सुरुवातीला कंदीलवाला सारखा मरायचा. राजा "उडी" म्हणून ओरडेपर्यंत तो खड्ड्यात गेलेला असायचा, मग दोघं एकमेकांना दोष द्यायची. पण होता होता ओरडायची गरज उरली नाही. काठ जवळ आला की राजा श्वास रोखायचा, त्याचं कोपर ताईच्या कोपराला जरासं टेकायचं, आणि ताईचा अंगठा पट्टीवर पडलेला असायचा. शाळेत त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, जेवताना पटत नव्हतं, पण त्या खाणीत दोघांत मिळून एकच माणूस होता. शेवटच्या खाणीत हलत्या फळ्या होत्या, वर वटवाघळांचे थवे आणि कंदिलात जेमतेम तेल. तिथे सबंध सुट्टी गेली. आणि एका दुपारी शेवटची फळी पार झाली, पलीकडचं दार उघडलं, आणि दोघं अशी ताडकन उभी राहिली की पत्र्याचा डबा गडगडत भिंतीवर जाऊन आपटला. त्यानंतर ताईचं लग्न झालं, लेक झाली, तिने स्वतःची खोली थाटली. पण इतका निखळ आनंद पुन्हा कधी झाला का, हे तिला कुणी विचारू नये, कारण ती खरं सांगेल.

आणि हा म्हणतो, एकटं पोर.

तिने त्याच संध्याकाळी राजाला फोन केला. आधी गोडीत विचारलं, की बाबा रे, तुझी आठवण जरा कमी झाली आहे का. राजा हसला. आठवण उत्तम आहे म्हणाला. मग त्याने तिला आपल्या धंद्यातलं गुपित समजावून सांगितलं, जणू ती त्याच्या ऑफिसात नव्याने लागलेली पोरगी होती. गोष्टीत दोघं आले की पकड सुटते. एकटं पोर लोकांच्या काळजाला भिडतं. दोघांत वाटलेला कंदीलवाला म्हटलं की लोक हसतात, आणि हसले की रडत नाहीत.

"म्हणजे तुला आठवतंय," ताई म्हणाली.

"अगं, सगळं आठवतंय. पण ताई, एवढ्याशा गोष्टीत तुला नाव हवंय का? दोन बटणं दाबायचीस तू."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ताईने फोन ठेवून दिला. विसरला असता तर तिने त्याला माफ केलं असतं, माणूस विसरतो. पण याला डब्यासकट सगळं आठवत होतं आणि तरीही त्याने तिला खोलीतून बाहेर काढलं होतं, का, तर रडायला सोयीचं पडतं म्हणून. तिचं बालपण काही त्याच्या साबणाची जाहिरात नव्हतं. तिला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं, तेही जिथे खोटं बोलला तिथेच, लोकांसमोर: आम्ही दोघं होतो. बाकी त्याने सगळी कीर्ती खुशाल पोत्यात भरून न्यावी.

आई ताईकडेच राहायची. गुडघे गेले होते, शिवणाचं मशीन केव्हाच विकलं होतं, आणि दिवसाचा मोठा भाग ती खिडकीशी बसून नातीच्या मोबाइलवर राजाचे व्हिडिओ बघण्यात घालवायची. ताईने तिच्यापुढे सगळं मांडलं. घरात कुणाला वेळ नव्हता, हा टोला तुलासुद्धा आहे, हेही सांगितलं. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, असू दे. त्याच्या कामाचा भाग असेल. आपलाच आहे. मुलीने ग्लास फोडला तर हात फुटके, आणि मुलाने फोडला तर ग्लास निसरडा, हा न्याय ताईला जन्मापासून पाठ होता. तरी त्या दिवशी तो नव्याने झोंबला. त्यानंतर महिनाभर ताईने दुसरा विषय काढला नाही. जेवताना तेच, आईच्या गुडघ्यांना तेल लावताना तेच. दोघं होतो आम्ही, दोघं. नवऱ्याने मान डोलवायचं काम तेवढं मनापासून केलं. आई ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची.

मग राजाचा फोन आला. शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या गेमचं प्रदर्शन भरणार होतं, आणि रविवारी दुपारी तो तिथे कंदीलवाल्याची शेवटची खाण सगळ्यांसमोर खेळून दाखवणार होता. व्हिडिओत त्याने शेवट मुद्दाम दाखवला नव्हता. दार उघडताना बघायचं तर हॉलमध्ये या, असं जाहीर केलं होतं. धंदा त्याला कळत होता, त्याबद्दल वादच नाही. ताईला तो एवढंच म्हणाला, "आईला घेऊन ये." निमंत्रण आईला, आणि ताई आईची काठी म्हणून.

ताई जाणार नव्हती. पण आई कधी नव्हे ती हट्टाला पेटली. गुडघे दुखतात म्हणून जिन्यापर्यंत न जाणारी बाई सकाळपासून तयार होऊन बसली. हॉलमध्ये पोचल्यावर तिला कडेची खुर्ची चालेना. कडेची उठायला सोपी, असं ताईने सांगून बघितलं. आईला पहिल्या रांगेतली अगदी मधलीच हवी होती, पडद्यासमोरची, आणि तिथे बसलेल्या तरुणाला तिने गोड बोलून उठवलं. मग पदराने चष्मा दोनदा पुसला. लेकाचं कौतुक बघायला केवढी घाई, असं ताईच्या मनात आलं आणि तिला आणखी राग आला.

हॉल गच्च भरला होता. भिंतीलगत जुने पडदे, जुने कीबोर्ड, फ्लॉप्यांचे ढीग मांडले होते आणि लोक त्यांना आजारी माणसाला लावावा तसा हळुवार हात लावत होते. मंचावर एक पिवळा कॉम्प्युटर, त्याच्यासमोर एक खुर्ची, आणि मागे भिंतीएवढा पांढरा पडदा. राजा आला, कॉलरला माइक लावलेला. त्याने अंधारी खोली सांगितली, एकटं पोर सांगितलं. लोक स्तब्ध होऊन ऐकत होते. ताईने लेकीकडे बघितलं, लेकीने मान खाली घातली. तिला आता खरं काय ते माहीत होतं.

मग राजा खेळायला बसला. शेवटच्या खाणीत थेट नेणारा एक गुप्त शब्द असतो, तो त्याने टाइप केला. काळ्या पडद्यावर तो पिवळा ठिपक्यांचा माणूस उभा राहिला, आणि ताई राग विसरून खुर्चीत पुढे सरकली. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण कंदीलवाला दोन पावलं चालला आणि सरळ खड्ड्यात गेला.

लोक मायेने हसले. राजाही हसला. दुसऱ्यांदा त्याने उडी मारली, पण वात खाली करायची राहिली आणि वटवाघळांनी कंदीलवाल्याला गाठलं. तिसऱ्यांदा वात खाली केली, तर उडी राहिली. त्याचा उजवा हात चोख चालत होता, अगदी तसाच, जसा तेव्हा चालायचा. डावा हात मात्र बटणांवर नुसता चाचपडत होता. जगातली कितीतरी पोरं हा गेम दोन हातांनी एकटी खेळली असतील. त्यात काही मोठं नव्हतं. पण या शहाण्याने घरी एकदा सराव करून बघावा की नाही? त्याने तो केला नव्हता. इतक्या वेळा एकटं पोर सांगितलं होतं की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

"कीबोर्ड जुना आहे हो," राजा माइकमधून म्हणाला. "पट्टी अडकते."

नाचता येईना, अंगण वाकडं. ताईचे कान तापले. राजाची नजर पहिल्या रांगेवरून फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. कपाळावर घाम होता, चेहऱ्यावर तेच लाडिक हसू होतं, ज्यावर लहानपणी त्याचं सगळं खपून जायचं.

"माझी ताई इथे आली आहे," तो लोकांना म्हणाला. "ताई, ये जरा वर. एक बटण तेवढं दाबून दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई हलली नाही. तेव्हा आईने तिचा दंड धरला आणि जवळजवळ ढकललंच, "जा ना. जा लवकर." ताई उठली ती आईच्या धक्क्याने, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे तिचे अंगठे केव्हापासून शिवशिवत होते.

कुणीतरी दुसरी खुर्ची आणून ठेवली. ती डावीकडे बसली. राजाचं कोपर तिच्या कोपराला लागलं, आणि मधली सगळी वर्षं कुठे गेली ते कळलंच नाही. काठ आला, श्वास थांबला, उडी. वात खाली, थवा गेला, वात वर. फळी डावीकडे, थांब, उडी. ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, बोलत नव्हती. ताई हसत होती, आणि महिनाभराचा राग तिच्या अंगावर असूनही तिला जाणवत नव्हता. राजा हळूच म्हणाला, "येतंय की," आणि तो आवाज व्हिडिओतला नव्हता, जुना होता.

शेवटची फळी समोर आली. पलीकडे दार. अलीकडच्या दगडावर कंदीलवाला उभा राहिला. तेलाची पट्टी कोपऱ्यात सावकाश खाली सरकत होती. इथे जरा थांबायला मिळतं. ताईने अंगठा उडीच्या पट्टीवर ठेवला आणि दाबला नाही.

"आधी सांग," ती म्हणाली. राजाच्या कॉलरच्या माइकने ते सगळ्यांना ऐकवलं.

"काय सांगू?"

"तेव्हा इथे कोण कोण बसायचं, ते."

राजाने तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. चेहरा सांगत होता. एक वाक्य होतं. ते बोलला असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं, कारण खरी गोष्ट खोटीपेक्षा चांगली होती आणि ती त्यांच्या डोळ्यांसमोरच घडत होती. पण मग एवढे व्हिडिओ, ते एकटं पोर, सगळंच खोटं ठरलं असतं. राजा लोकांकडे वळून हसला.

"आमची ताई पण कधीकधी मदतीला यायची बरं का," तो म्हणाला.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ताईने अंगठा उचलला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. तेलाची पट्टी सरकत होती. राजा कुजबुजला, ताई, दाब ना. मग तो स्वतःच उडीच्या पट्टीकडे हात न्यायला लागला, पण उजव्या हाताने बाण सोडले तर फळी निसटत होती आणि डाव्याला काही सुचत नव्हतं.

"कधीकधी यायचे ना," ताई म्हणाली. "आज नाही आले."

कंदील विझला. भिंतीएवढा पडदा काळा झाला. ताई उठली, पायऱ्या उतरली, आईला हाताला धरून उठवलं आणि लेकीला म्हणाली, चल. मागे राजा काहीतरी विनोद करत होता, लोक हसत होते. गाडीपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा तिने भावासमोर माघार घेतली नव्हती.

गाडी रस्त्याला लागल्यावर तिचं तोंड सुटलं. मदतीला यायची म्हणे. कधीकधी म्हणे. बघितलंस ना आई, तोंड उघडून खरं बोलायला काय झालं असतं त्याला? आणि त्याच्याशिवाय मी एकटीने गेम जिंकला असं मी कधी म्हणाले का? मी एवढंच म्हणते की दोघं होतो. दोघं. मागच्या सीटवरून लेक ताईला दुजोरा देत होती, मामाने चुकीचंच केलं म्हणत होती.

"तिघं," आई म्हणाली.

ताईला वाटलं, आईच्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"तिघं होतो," आई पुन्हा म्हणाली. आवाज बारीक होता, पण त्यात धार होती. "मी मागे उभी असायचे. माझं मशीन मोटरवर चालायचं. मशीन आणि तुमचा कॉम्प्युटर एकदम लावला की फ्यूज जायचा. म्हणून तुम्ही खेळेपर्यंत मी मशीन बंद ठेवायचे. मग काजं-बटणांचं हाताचं काम घेऊन तुमच्या मागे उभी राहायचे. बसून दिसायचं नाही. तुम्हा दोघांच्या डोक्यांमधून जेवढं दिसेल तेवढं बघायचे."

ताईने गाडीचा वेग कमी केला. लेकीने हळूच विचारलं की आजी, मग तू कधी बोलली का नाहीस.

"बोलायचं काय? राजाने व्हिडिओत म्हटलं, घरात कुणाला वेळ नव्हता. म्हटलं असू दे, त्याने सगळ्यांनाच काढलंय. पण ही महिनाभर भांडते आहे. सकाळ-संध्याकाळ खरं काय ते सांगते आहे. मला वाटलं, आज म्हणेल, उद्या म्हणेल, आई पण असायची. तर हिचंही आपलं दोघं, दोघं." आईने चष्मा काढला. "ते दार उघडलं ना त्या दिवशी, तेव्हा तुम्ही दोघं एकदम उभे राहिलात. मला काही दिसलंच नाही. मी पुढे येईतो तुम्ही बंद करून बाहेर पळालात. आज मुद्दाम मधली खुर्ची धरली. म्हटलं, आता तरी बघू. तर तू हात काढून घेतलास."

यावर ताईला खूप काही सुचलं. मला काय माहीत, तू सांगायचंस, मी लहान होते. सगळं खरं होतं, आणि सगळं तिला राजाच्या आवाजात ऐकू येत होतं. महिनाभर ती एका वाक्यासाठी भावाच्या मागे लागली होती, की इतकं सोपं वाक्य याच्या तोंडून निघत कसं नाही. आता तेच वाक्य तिला बोलायचं होतं, गाडीत परकं कुणी नव्हतं, माइक नव्हता, तरी ते निघेना. शेवटी ते निघालं.

"होतीस, आई," ती म्हणाली. "तूही होतीस."

आईने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"ते राहू दे आता," ती म्हणाली. "दारापलीकडे काय होतं ते सांग."